प्रोस्टेटनंतरचा थेंब : उशिरा मोजल्या गेलेल्या एका गोष्टीचा इतिहास

२००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, मूत्रविकार विभागात ‘दा विंची’ नावाचा शस्त्रक्रिया-रोबोट दाखल झाला. असा रोबोट भारतात त्याआधी दिल्लीतच, एस्कॉर्ट्स हृदयरोग संस्थेत आला होता. परंतु कर्करोगग्रस्त प्रोस्टेट ग्रंथी काढण्यासाठी त्याचा पद्धतशीर वापर या देशात सुरू झाला तो डॉ. एन. पी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या विभागातून. पुढे सफदरजंग रुग्णालयात, रोहिणीच्या राजीव गांधी कर्करोग संस्थेत, गुरुग्राममधील खासगी रुग्णालयांत हीच यंत्रे आली, आणि गुरुग्राममध्येच ‘मंत्र’ नावाचा देशी रोबोटही घडला. बातम्या झाल्या त्या यंत्राच्या बाहूंच्या, अनेकपट मोठे दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, शल्यविशारदाच्या हाताचा सूक्ष्म कंप गाळून टाकणाऱ्या संगणकाच्या.

रुग्णाचा प्रश्न मात्र त्या बातम्यांत नव्हता. शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने कॅथेटरची नळी काढली जाते. बिहारमधून किंवा पश्चिम उत्तर प्रदेशातून आलेला, एम्सजवळच्या धर्मशाळेत उतरलेला साठी-पासष्टीचा माणूस त्या दिवशी उठून उभा राहतो आणि त्याच्या लक्षात येते की लघवी थांबत नाही. खोकला आला, थेंब. खुर्चीतून उठला, थेंब. सायंकाळपर्यंत पायजमा ओला. कर्करोग गेला हे त्याला सांगितलेले असते. हे असे होईल हेही बहुधा सांगितलेले असते, पण संमतिपत्रावरच्या एका ओळीत. ती ओळ आणि तो पायजमा यांतले अंतर वैद्यकाने किती उशिरा आणि कसे मोजले, याचा हा इतिहास आहे. त्या मोजमापातूनच आज या माणसाला उपयोगी पडतील असे बहुतेक उपाय निघाले आहेत.

आधी रचना समजून घ्यावी लागते. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. पुरुषाच्या शरीरात लघवी अडवून धरणारे पहारेकरी दोन. एक मूत्राशयाच्या मानेशी. तो आपल्या इच्छेविना, दिवसरात्र आवळलेला असतो. दुसरा ग्रंथीच्या खाली, मूत्रमार्गाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात गुंडाळलेला वलयस्नायू. तो इच्छेने आवळता येतो. संपूर्ण ग्रंथी काढली की पहिला पहारेकरी बहुतांशी तिच्याबरोबर जातो. मूत्राशय खाली ओढून मूत्रमार्गाच्या उरलेल्या टोकाला शिवला जातो, आणि आयुष्यभर दुय्यम भूमिकेत राहिलेल्या दुसऱ्या स्नायूवर सारा भार येतो. खोकताना पोटातील दाब क्षणार्धात १०० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. त्या क्षणी मूत्रमार्गातील दाब मूत्राशयातील दाबापेक्षा अधिक राहिला तर माणूस कोरडा राहतो. कमी पडला तर नाही. सारा प्रश्न दोन दाबांच्या या असमानतेचा आहे.

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा जाणीवपूर्वक केली ती ह्यू हॅम्प्टन यंग यांनी, ७ एप्रिल १९०४ रोजी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. मदतीला विल्यम हालस्टेड होते. यंग यांनी वृषण आणि गुदद्वार यांच्यामधून, खालच्या बाजूने, ग्रंथीपर्यंत वाट काढली. १९४७ मध्ये लंडनमध्ये टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटातून, जघनास्थीच्या मागून जाण्याचा मार्ग रूढ केला. दोन्ही मार्गांत रक्तस्राव हा मोठा शत्रू होता. रक्ताच्या डबक्यात काम करणाऱ्या शल्यविशारदाला वलयस्नायू दिसतच नसे. न दिसणारी गोष्ट वाचवणार कशी? १९७९ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीच्या पुढील बाजूच्या शिरांचे जाळे आधीच बांधून घेण्याची पद्धत दाखवली आणि कार्यक्षेत्र कोरडे झाले. पुढे लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांच्यासह त्यांनी लैंगिक कार्याच्या चेतातंतूंचा मार्ग शोधला, आणि २६ एप्रिल १९८२ रोजी ते तंतू हेतुपुरस्सर वाचवणारी पहिली शस्त्रक्रिया केली. हा टप्पा इतिहासात चेतातंतूंच्या नावाने नोंदला गेला आहे. पण दिल्लीच्या धर्मशाळेतील त्या माणसाच्या दृष्टीने कदाचित १९७९ चे वर्षच अधिक मोलाचे, कारण वलयस्नायू शल्यविशारदाच्या डोळ्यांना दिसू लागला तो तेव्हा.

तरीही किती माणसे शस्त्रक्रियेनंतर गळत राहतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ शल्यविशारदांनीच दिले, आणि ते स्वतःच्या रुग्णांविषयी. स्वतःला जीवदान देणाऱ्या डॉक्टरांसमोर ‘कसे आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणणे हे केवळ भारतीय सौजन्य नव्हे. ते जगभर चालते. १९९३ मध्ये फ्लॉइड फाउलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेडिकेअर योजनेतील, शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना डॉक्टरांना वगळून थेट विचारले. तिसाहून अधिक टक्के पुरुषांनी सांगितले की ओलेपणासाठी ते अजूनही पॅड किंवा चिमटा वापरतात. तज्ज्ञ केंद्रांतून प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांशी याचा मेळ बसत नव्हता. फरक शस्त्रक्रियेच्या दर्जाचा काही अंशी असेल. पण ‘कोरडा’ या शब्दाच्या व्याख्येचाही होता. अनेक शोधनिबंधांत दिवसाला एक पॅड वापरणारा रुग्णही कोरडा धरला जात असे. तो एक पॅड रोज खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला ही व्याख्या कोणी विचारली नव्हती.

सर्वांत विश्वासार्ह चित्र ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीने दिले. सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोग असलेले १६४३ पुरुष चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागले गेले : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि सक्रिय देखरेख. निदानाच्या वेळी पॅड वापरणारे जेमतेम १ टक्का होते. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ४६ टक्के झाले, किरणोपचाराच्या गटात ५ आणि देखरेखीच्या गटात ४. सहा वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात ते १७ टक्क्यांवर उतरले. या दोन आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत : पहिल्या सहा महिन्यांत गळणे हे अपयश नाही, ते जवळपास निम्म्यांच्या वाट्याला येते; आणि बहुतेकांचे सुधारते, सर्वांचे नाही. नळी काढण्याआधी रुग्णाला एवढे दोन आकडे समजावून सांगितले तरी धर्मशाळेतील ती पहिली सायंकाळ वेगळी जाईल.

मग रोबोटने काय बदलले? ब्रिस्बेनमध्ये ३०० हून अधिक पुरुषांवर रोबोट आणि खुली शस्त्रक्रिया यांची थेट तुलना झाली. १२ आठवड्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आणि दोन वर्षांचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तस्राव रोबोटने कमी झाला, रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, पण मूत्रनियंत्रणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हात कोणाचा आणि कितव्या शस्त्रक्रियेचा, हे यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाचे ठरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्याचा प्रश्न ‘तुमच्याकडे रोबोट आहे का’ हा नसून ‘तुमच्या रुग्णांपैकी एका वर्षानंतर एकही पॅड न वापरणारे किती’ हा आहे. दिल्लीतील बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो विचारायला धीर लागतो, हे खरे.

आता व्यायामाकडे. या कथेतील भारतीय धागा येथे आहे, आणि तो महाराष्ट्रातून जातो. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना करणारे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी योगक्रियांच्या वेळी शरीरात नेमके काय घडते हे उपकरणांनी मोजायला घेतले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो, हे त्यांनी दाबमापक जोडून दाखवले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात नोंदवले. गुरूंच्या स्मरणार्थ त्या पोकळीला त्यांनी माधवदासांचे नाव दिले. लघवी गळण्याशी या प्रयोगांचा संबंध नव्हता, आणि तो ओढूनताणून जोडू नये. पण ओटीपोटातील स्नायूंचे काम दाबाच्या आकड्यात वाचता येते, ही दृष्टी तेथे होती. तीच दृष्टी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी उपचारात आणली. बाळंतपणानंतर सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, असे त्यांनी मांडले. आणि स्त्रीला स्वतःचे आकुंचन डोळ्यांनी दिसावे म्हणून रबरी पोकळीला जोडलेला दाबमापक दिला. पुढे दाबमापक मागे पडला, व्यायामाला मात्र केगेल यांचे नाव चिकटून राहिले. मोजल्याविना केलेले आकुंचन अनेकदा चुकीच्या स्नायूचे असते, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

पुरुषांपर्यंत हा व्यायाम यायला अर्धे शतक लागले. २००० मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन येथे मारिके व्हान काम्पेन यांनी प्रोस्टेट काढलेल्या १०२ पुरुषांवर चाचणी घेतली. तीन महिन्यांनी व्यायाम शिकवलेल्या गटात ८८ टक्के पुरुष कोरडे होते, तर न शिकवलेल्या गटात ५६ टक्के. निष्कर्ष सुस्पष्ट वाटला. मग २०११ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे उत्तर आले : बारा महिन्यांनी, प्रशिक्षकाने शिकवलेल्या गटातील ७६ टक्के पुरुष अजूनही काही ना काही गळत होते, आणि नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या गटातील ७७ टक्के. फरक जवळपास शून्य. एकाच व्यायामाविषयी दोन प्रतिष्ठित उत्तरे, एकमेकांविरुद्ध. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत. एकात तीन महिन्यांचा वेग मोजला आहे, दुसऱ्यात एका वर्षाची स्थिती, एकात ‘कोरडे’ची व्याख्या सैल, दुसऱ्यात एक थेंबही मोजलेला, शिवाय ब्रिटनच्या दुसऱ्या गटातील अनेकांनी व्यायाम स्वतःहून केलाच होता. व्यायाम निरुपयोगी आहे, असा अर्थ यातून निघत नाही. तो सुधारणा लवकर आणतो, पण शेवटी कोण कोरडा होणार हे कदाचित बदलत नाही, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल. ज्याला दोन महिन्यांनी दुकानात किंवा शाळेत परत उभे राहायचे आहे, त्याच्यासाठी ‘लवकर’ हा शब्द छोटा नाही.

आणखी एक दोष या सगळ्या चाचण्यांत दडलेला होता, आणि तो भाषेचा होता. पुरुषांना शिकवला गेलेला व्यायाम मुळात स्त्रियांसाठी रचलेला. ऑस्ट्रेलियातील रायन स्टॅफर्ड आणि पॉल हॉजेस यांनी २०१६ मध्ये पुरुषांना वेगवेगळ्या सूचना देऊन अल्ट्रासाउंडने पाहिले, की कोणत्या वाक्याने कोणता स्नायू हलतो. ‘गुदद्वार आवळा’ म्हटले की मागचा, मलावरोधाचा स्नायू आवळला जातो. ‘मूत्राशय वर उचला’ म्हटले की पोटातील दाब वाढतो. तो तर उलटा परिणाम. ‘शिश्न आत ओढून आखूड करा’ म्हटले की मूत्रमार्गाभोवतीचा, हवा असलेला वलयस्नायू सर्वाधिक हलतो. हठयोगातील मूलबंधाच्या वर्णनात गुदाचे आकुंचन मध्यवर्ती आहे, आणि आपल्याकडील व्यायामवर्गांतून, हिंदी असो की मराठी, बहुधा हीच सूचना ऐकू येते. परंपरेचा मान राखूनही या एका कामापुरते वाक्य बदलायला हवे. संकोच बाजूला ठेवून पुढची सूचना स्पष्ट शब्दांत सांगणारा भौतिकोपचारतज्ज्ञ मिळणे, ही खरी अडचण आहे.

व्यवहारात ते असे केले जाते : शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सूचना शिकून घ्यायची, नळी असताना थांबायचे, नळी निघाल्यावर पुन्हा सुरू करायचे. श्वास न रोखता, पोट आणि मांड्या सैल ठेवून, दहा सेकंदांपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यात काही झटपट आकुंचनेही. याहून महत्त्वाचे म्हणजे खोकण्याच्या, शिंकण्याच्या, जमिनीवरून उठण्याच्या किंवा पाण्याची बादली उचलण्याच्या क्षणभर आधी आवळणे. लघवी मध्येच थांबवून पाहणे ही ओळख पटवण्यापुरती एखाद्या वेळची युक्ती. तो रोजचा व्यायाम नव्हे.

किरणोपचारानंतरचे गळणे निराळे. तेथे पहारेकरी शाबूत असतो, पण मूत्राशय चिडखोर होते. कळ येते आणि शौचालय गाठेपर्यंत वेळ मिळत नाही. हा त्रास उपचार चालू असताना येतो तसा कित्येकदा वर्षांनंतरही डोके वर काढतो. भारतात अनेक रुग्णांचे निदान उशिरा होत असल्याने किरणोपचाराच्या वाट्याला येणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा प्रकार दुर्लक्षिण्याजोगा नाही. येथे घड्याळ लावून लघवीला जाणे आणि ते अंतर हळूहळू वाढवत नेणे, चहा-कॉफी कमी करणे, आणि गरजेप्रमाणे मूत्राशय शांत करणारी औषधे, हे उपाय आहेत. लघवीत रक्त दिसले तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

दिल्लीचे हवामान दोन्ही प्रकारांत खोडा घालते. जानेवारीच्या थंडीत त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळते आणि मूत्रपिंडे अधिक लघवी बनवतात. जूनमध्ये उलट, उन्हात घाम जातो आणि माणूस गळू नये म्हणून पाणी पिणेच सोडतो. लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला अधिक चिडवते, आणि संसर्गाची शक्यता वाढते. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत आवरते घ्यावे, एवढेच करण्यासारखे.

गळणे मोजायचे कसे, यावर आंतरराष्ट्रीय मूत्रनियंत्रण संघटनेने १९८० च्या दशकात एक तासाची चाचणी ठरवली. कोरडा पॅड तोलायचा, अर्धा लिटर पाणी प्यायचे, चालायचे, जिने चढायचे, दहा वेळा बसून उठायचे, दहा वेळा जोरात खोकायचे, एक मिनिट जागेवर धावायचे, पाच वेळा वाकून वस्तू उचलायची, वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे. आणि पॅड पुन्हा तोलायचा. वाहत्या पाण्याची कलम कोणा अनुभवी माणसानेच घातली असणार. घरी याहून सोपी पद्धत पुरते : स्वयंपाकघरातील डिजिटल तराजू, चोवीस तासांतील वापरलेले सारे पॅड एका पिशवीत, वजा तेवढ्याच कोऱ्या पॅडचे वजन. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. दर पंधरवड्याला ही नोंद ठेवली तर सुधारणा दिसते, कारण ती मनाला जाणवण्याआधी आकड्यात उतरते. दिवसाला सुमारे ४०० ग्रॅमच्या पुढचे गळणे अनेक अभ्यासांत तीव्र धरले जाते. डॉक्टरांपुढे ‘फार गळते’ म्हणण्याऐवजी हा आकडा ठेवला की संभाषणाचा दर्जा बदलतो.

पॅडच्या आत जे आहे त्याचीही गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या कृषी खात्याची पिओरिया, इलिनॉय येथील प्रयोगशाळा. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीनच्या मोठ्या उत्पादनाचा मार्ग याच प्रयोगशाळेत सुकर झाला होता. तेथे मक्याच्या स्टार्चला नवे उपयोग शोधताना असा बहुवारिक पदार्थ तयार झाला, जो स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट पाणी शोषून घेई. १९७० च्या दशकात तो प्रसिद्ध झाला. पुढे त्याची जागा सोडियम पॉलिअॅक्रिलेटने घेतली. पांढऱ्या दाण्यांच्या आत विद्युतभारित साखळ्या असतात. बाहेरील पाणी परासरणाने आत शिरते आणि साखळ्यांचे जाळे फुगून जेल बनते. पण लघवी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. तिच्यातील क्षारांमुळे आत-बाहेरचा परासरणी फरक घटतो, आणि शेकडोपटीची क्षमता काही दहापटीवर येते. शिवाय पाकिटावर क्षमता लिहिलेली असली तर ती बहुधा संपूर्ण पॅड बुडवून मोजलेली असते. अंगावर, दाबाखाली, एकाच जागी पडणाऱ्या धारेसाठी प्रत्यक्ष क्षमता बरीच कमी भरते. पुरुषाचा स्राव पुढच्या बाजूला, एका बिंदूपाशी पडतो, म्हणून स्त्रियांच्या लांबट पॅडपेक्षा पुढे खोलगट असलेला पुरुषांचा पॅड कमी जाडीत अधिक काम करतो. तो अंगाशी घट्ट बसला तरच. ढगळ चड्डीत महागडा पॅडही हरतो. आखाड्यातील पहिलवानांचा लंगोट या बाबतीत आधुनिक अंतर्वस्त्रांहून सरस म्हणावा लागेल. गळणे थोडे असताना पूर्ण डायपर घालू नये. त्यात उष्णता कोंडते, आणि लघवीतील युरियापासून बनलेला अमोनिया त्वचेचे नैसर्गिक आम्लत्व घालवतो. मग जांघेत लाली, जळजळ आणि बुरशी. साध्या पाण्याने धुणे, टिपून कोरडे करणे, झिंकयुक्त मलमाचा पातळ थर, हे पुरेसे असते.

लांबच्या प्रवासासाठी, उदाहरणार्थ दिल्लीहून पाटण्यापर्यंतच्या रात्रीच्या गाडीसाठी, निरोधासारखा बाहेरून बसणारा कॅथेटर आणि मांडीला बांधायची पिशवी हा चांगला पर्याय आहे. माप बरोबर हवे, आणि चिकटपट्टी गोलाकार आवळून बांधू नये. शिश्नावर लावायचा चिमटाही मिळतो. तो समारंभाच्या एक-दोन तासांपुरता. दोन तासांत एकदा तरी सोडायचा, रात्री कधीच नाही, आणि मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी तर वापरूच नये. नियमित नमाज पढणाऱ्यांच्या मनात पवित्रतेविषयीची खंत असते. इस्लामी धर्मशास्त्राने सतत गळणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी नवी वजू करण्याची मुभा शतकांपूर्वीच दिलेली आहे. या दुःखाचे अस्तित्व मान्य करण्यात शास्त्रकार शल्यविशारदांच्या पुढे होते, असे म्हणायला हरकत नाही.

सहा महिने ते वर्षभर प्रयत्न करूनही गळणे तीव्र राहिले तर पुन्हा शल्यविशारदाकडे जावे लागते. कॅथेटरमुळे घराघरांत नाव पोहोचलेले फ्रेडरिक फोली यांनी १९४७ मध्ये कृत्रिम वलयस्नायूची कल्पना मांडली होती; त्यांच्या रचनेत मूत्रमार्गाभोवती फुगणारा पट्टा आणि त्याचा पंप रुग्णाच्या विजारीच्या खिशात असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ह्यूस्टनमध्ये ब्रॅन्टली स्कॉट, विल्यम ब्रॅडली आणि जेराल्ड टिम यांनी संपूर्ण यंत्रणा शरीराच्या आत नेली. १९८० च्या दशकात स्थिरावलेली तिची रचना आजही मूळ स्वरूपात चालते : मूत्रमार्गाभोवती पट्टा, पोटात दाब राखणारा फुगा, वृषणकोशात बोटाएवढा पंप. पंप दाबला की पट्ट्यातील पाणी फुग्यात जाते, मूत्रमार्ग मोकळा होतो. काही मिनिटांत पाणी आपोआप परतते. सर्वाधिक वापरला जाणारा फुगा ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचा असतो. त्याहून जास्त दाब दिला तर मूत्रमार्गाचा रक्तपुरवठा तुटून ऊतक झिजते. म्हणून जोराच्या खोकल्यात एखादा थेंब निसटणे हा या यंत्राचा बिघाड नव्हे, ती तडजोड आहे. यंत्र बसवल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी ते चालू केले जाते, आणि काही वर्षांनी पुष्कळांना दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागते. असे यंत्र असलेल्याने पाकिटात तशी चिठ्ठी ठेवावी. अपघात विभागात कोणी पट्टा न उघडता कॅथेटर ढकलला तर मूत्रमार्ग फाटू शकतो. कमी गळणाऱ्यांसाठी जाळीच्या पट्टीचा आधार देणारी शस्त्रक्रियाही आहे. भारतात या दोन्हींच्या आड येते ती मुख्यतः किंमत, आणि त्याखालोखाल, हा उपाय अस्तित्वात आहे हेच रुग्णाला न सांगितले जाणे.

राहता राहिले सार्वजनिक जग. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ‘सॅनिटरी कचरा’ या व्याख्येत सॅनिटरी नॅपकिनांबरोबर वापरलेले डायपर आणि मूत्रनियंत्रण सुटलेल्यांसाठीच्या चादरीही स्पष्टपणे घातल्या गेल्या होत्या. तो कचरा वेगळा गुंडाळून द्यावा, असे नियम सांगतो. कायद्याला हा माणूस ठाऊक आहे. करव्यवस्थेला तो उशिरा दिसला : सॅनिटरी नॅपकिनांवरील जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्य झाला, प्रौढांच्या डायपरवर मात्र तो १२ टक्केच राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. ब्रिटनमध्ये रुग्णसंघटनेने पुरुषांच्या शौचालयांत झाकणाच्या कचरापेट्या ठेवण्यासाठी मोहीम चालवली. दिल्लीत शौचालयांच्या इतिहासाचे एक सुंदर संग्रहालय आहे, बिंदेश्वर पाठकांच्या सुलभ संस्थेचे, पालमजवळ. त्याच शहरात पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात वापरलेला पॅड टाकायला पेटी मिळणे दुर्मीळ. तेव्हा अनुभवी रुग्ण करतात ते असे : दोन कोरे पॅड, एक गडद रंगाची घट्ट बंद होणारी पिशवी, एक जादा अंतर्वस्त्र, सारे औषधांच्या छोट्या बटव्यात; आणि वापरलेला पॅड त्या पिशवीत, मेट्रोतून, घरच्या कचऱ्यापर्यंत.